जुन्या व्हिंटेज पोर्टची बाटली : मागितलेली किंमत द्यावी की नाही?

लंडनमधल्या एखाद्या लिलावाच्या यादीत किंवा पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातल्या दुकानात १९७० सालची पोर्टची बाटली दिसली, की नवख्या माणसाच्या मनात दोन विचार येतात. एवढी जुनी म्हणजे उत्तमच असणार, आणि एका बाटलीला एवढे पैसे कशाला? दोन्ही विचार क्षणभर बाजूला ठेवा. नुसत्या जुनेपणाने वाइन चांगली होत नाही. शिवाय त्याच वयाची बोर्दो किंवा बर्गंडीची नावाजलेली वाइन घ्यायला गेलात तर कितीतरी पट पैसे पडतात. पन्नास वर्षं मुरलेली, खरोखर थोर वाइन पगारदार माणसाला वर्षातून एकदा तरी परवडावी, अशा फार थोड्या जागा उरल्या आहेत आणि जुनी व्हिंटेज पोर्ट ही त्यातली एक. म्हणून ती नीट पारखून घ्यायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. पैसे सालाला द्यायचे नसतात, समोरच्या बाटलीला द्यायचे असतात, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

सुरुवात गोव्यापासून करू, कारण आपल्याकडे ‘पोर्ट वाइन’ म्हटलं की गोव्याहून येताना आणलेली गोड लाल वाइनच डोळ्यांसमोर येते. ती आपल्या जागी ठीक आहे, पण ती इथेच बनते आणि लवकर संपवायची असते. कपाटात वीस वर्षं ठेवली तर तिची किंमत वाढत नाही, ती बिघडते. हा लेख ज्या पोर्टबद्दल आहे ती उत्तर पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातल्याच द्राक्षांची. या प्रदेशाची हद्द १७५६ साली आखली गेली. रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. त्यामुळे आंबणं थांबतं, फळांतली साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. ही साखर, हे अल्कोहोल आणि द्राक्षांच्या सालींतून उतरलेलं तुरट टॅनिन यांच्या जोरावर चांगल्या सालची व्हिंटेज पोर्ट पन्नास-साठ वर्षं सहज काढते.

पहिली पायरी : लेबलवर नेमकं काय लिहिलंय?

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. बाटलीवर साल छापलंय म्हणजे ती व्हिंटेज पोर्ट, असं अजिबात नाही.

व्हिंटेज पोर्ट एकाच सालच्या द्राक्षांची असते. ती लाकडी पिंपांत जेमतेम दोन वर्षं राहते, न गाळता बाटलीत भरली जाते आणि पुढचं सगळं आयुष्य बाटलीतच मुरते. म्हणून तिच्या तळाशी भरपूर साका बसतो. १९८५ सालची व्हिंटेज पोर्ट १९८७ च्या सुमारास बाटलीत गेलेली असणार.

‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’, म्हणजेच एलबीव्ही, ही वेगळी चीज. ती चार ते सहा वर्षं लाकडात राहून मग बाटलीत भरतात. लगेच पिता यावी म्हणून ती बनवलेली असते आणि बहुतेक एलबीव्ही गाळलेल्या असतात. नावात ‘व्हिंटेज’ शब्द आणि शेजारी १९९० सारखं साल बघून लोक फसतात. तीस वर्षांची गाळलेली एलबीव्ही कितीही स्वस्त वाटली तरी घेऊ नका. न गाळलेल्या काही एलबीव्ही बऱ्यापैकी टिकतात, पण त्यांनाही व्हिंटेजची किंमत द्यायचं कारण नाही.

‘कोल्येइता’ म्हणजे एकाच सालची टॉनी, म्हणजे लाकडात मुरवलेली पोर्ट. ही किमान सात वर्षं, आणि पुष्कळदा काही दशकं, लाकडातच मुरते. रंग फिका तांबूस-पिंगट, चव अक्रोड, खजूर, जळक्या साखरेच्या अंगाने जाणारी. ती कमी दर्जाची मुळीच नाही, फक्त जात निराळी. तिच्या बाटलीवर भरल्याचं सालही दिलेलं असतं, ते जरूर वाचा.

आणि एक जुना सापळा : ‘व्हिंटेज कॅरॅक्टर’. एकेकाळी बऱ्यापैकी प्रतीच्या, अनेक सालांच्या मिश्रणातून केलेल्या रूबी पोर्टला, म्हणजे साध्या, तरुण लाल पोर्टला, हे नाव देत असत. त्यात व्हिंटेजचं काही नाही. अशा बाटल्या आजही जुन्या कपाटांतून निघतात आणि ‘जुनी व्हिंटेज पोर्ट’ म्हणून विकायला ठेवल्या जातात.

थोडक्यात, द्राक्षांचं साल आणि बाटलीत भरल्याचं साल, या दोन तारखा शोधायच्या. दोहोंत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तरच पुढे वाचा.

दुसरी पायरी : साल कसं होतं?

पोर्टची घराणी, म्हणजे ती बनवणाऱ्या कंपन्या, दरवर्षी व्हिंटेज काढत नाहीत. हंगाम असामान्य वाटला तर घराणं नमुने पोर्तोच्या वाइन संस्थेकडे, आयव्हीडीपीकडे पाठवतं, तिथे मान्यता मिळाली की मग ते साल ‘जाहीर’ होतं. सगळी मोठी घराणी एकाच सालावर शिक्कामोर्तब करतात असं दशकातून साधारण तीनदा घडतं.

१९४५, १९५५ आणि १९६३ ही गेल्या शतकातली मोठी नावं. १९६३ आजही अनेक घराण्यांची सुंदर लागते, पण तिने साठी ओलांडली आहे, त्यामुळे साल कितीही थोर असलं तरी प्रत्येक बाटली वेगळी निघणार. १९६६ ला १९६३ च्या सावलीत राहावं लागलं. तिला अजूनही तिच्या योग्यतेपेक्षा कमी मान मिळतो असं माझं मत आहे. १९७० वर माझा जीव आहे : बांधणी पक्की, गोडी भरपूर, आणि चांगली ठेवलेली बाटली आज अगदी रंगात असते. पहिलीच जुनी पोर्ट घेत असाल तर आधी १९७० शोधा.

१९७७ ला सुरुवातीपासून प्रचंड नाव मिळालं आणि किमतीत ते आजही दिसतं. १९८० मात्र कमी गवगवा झालेलं साल, म्हणूनच तिथे चांगले सौदे मिळतात. त्या वर्षीच्या डाउ आणि ग्रॅहॅम या दोन्ही पोर्ट मला पैसे वसूल वाटतात. १९८३ कडक बांध्याची, १९८५ मोकळी आणि फळांनी भरलेली. १९८५ मध्ये घराण्याघराण्यांत बराच फरक पडतो, तेव्हा नुसतं साल बघून घेऊ नका.

१९९१ आणि १९९२ ची गंमत अशी की घराण्यांत दोन तट पडले. सिमिंग्टन कुटुंबाच्या घराण्यांनी, म्हणजे ग्रॅहॅम, डाउ आणि वॉर यांनी, १९९१ जाहीर केलं. टेलर आणि फोन्सेका यांनी १९९२. त्या वर्षी टेलरला तीनशे वर्षं होत होती. १९९४ वर मात्र सगळ्यांचं एकमत झालं आणि ते खरोखर महान साल आहे. पुढे १९९७, २०००, २००३, २००७, २०११ आणि मग लागोपाठ २०१६ व २०१७ अशी मालिका आहे. यातल्या २००७ नंतरच्या पोर्ट या लेखाच्या अर्थाने ‘जुन्या’ नाहीत.

उलट बाजूला १९७५. हे साल रीतसर जाहीर झालं होतं, पण वाइन हलक्या निघाल्या आणि बहुतेकांचा काळ केव्हाच सरला. जाहीर झालेलं प्रत्येक साल टिकतंच असं नाही, याचं हे उदाहरण.

भेट म्हणून जन्मसालाची बाटली हवी असेल तर एक अडचण येते. १९७१, १९७३, १९७४ या सालांत सर्वसाधारण व्हिंटेज जाहीर झालंच नाही. तिथे हट्ट न करता त्या सालची कोल्येइता घ्यावी. १९७६ सालासाठी फोन्सेका घराण्याची ‘गिमारांश’ नावाची सुंदर व्हिंटेज आहे, १९८७ साठी टेलरच्या ‘व्हार्जेलस’ मळ्याची आहे. जन्मसालाची म्हणून कोणतीही मिळेल ती बाटली उचलू नका. ज्याला भेट द्यायची त्याने ती प्यायची आहे.

तिसरी पायरी : घराणं

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. टेलर, फोन्सेका, ग्रॅहॅम ही पहिल्या रांगेतली. डाउ, वॉर, क्विंटा दो नोव्हाल त्यांच्या खांद्याला खांदा लावून. नोव्हालच्या मळ्यात ‘नासिओनाल’ नावाचा कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या वेलींचा दोन-अडीच हेक्टरांचा तुकडा आहे. युरोपातल्या जवळजवळ सगळ्या वेली फिलॉक्सेरा किडीनंतर अमेरिकी खुंटांवर चढवल्या गेल्या, त्यामुळे या तुकड्याचं अप्रूप. १९३१ आणि १९६३ च्या नासिओनालला हजारो पौंड पडतात. ती संग्राहकांची दुनिया आहे. नवख्याने तिथे जाऊ नये, कारण जिथे किंमत इतकी चढते तिथे बनावट बाटल्यांची शंकाही घ्यावी लागते.

आपल्या कामाची नावं वेगळी आहेत. स्मिथ वुडहाउस आणि गूल्ड कॅम्बेल ही घराणी फारशी गाजत नाहीत, पण १९७७, १९८०, १९८३, १९८५ मध्ये त्यांनी उत्तम पोर्ट केल्या आणि त्या पहिल्या रांगेपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. दुसरी वाट ‘सिंगल क्विंटा’ची. सर्वसाधारण व्हिंटेज जाहीर होत नाही अशा बऱ्या सालात घराणी आपल्या सर्वोत्तम मळ्याची पोर्ट त्या मळ्याच्याच नावाने काढतात. ग्रॅहॅमचा मालव्हेदोस, टेलरचा व्हार्जेलस. पंचवीसेक वर्षांची अशी बाटली म्हणजे कमी पैशांत मुरलेल्या पोर्टची खरी ओळख.

चौथी पायरी : बाटली हातात घ्या

आता खरं काम. साल आणि घराणं पुस्तकातून कळतं, बाटली मात्र बघावीच लागते. दूरवरून घेत असाल तर विक्रेत्याकडे फोटो मागा : गळ्याचा उजेडातला, टोपणाचा वरून आणि बाजूने, लेबलचा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा.

*पातळी.* बुचातून दशकानुदशकं थोडी थोडी वाइन उडून जाते आणि तेवढी हवा आत येते. पोर्टची काच जवळजवळ काळी असते, म्हणून बाटली उभी करा, मोबाइलचा टॉर्च मागून गळ्यापाशी धरा आणि रेघ कुठे दिसते ते बघा. गळ्यात किंवा गळ्याच्या पायथ्याशी असेल तर उत्तम. गळा संपून खांदा सुरू होतो तिथे, म्हणजे खांद्याच्या अगदी वरच्या भागात असेल, तर पन्नास-साठ वर्षांच्या बाटलीला ते चालतं, पण तीस वर्षांच्या बाटलीला चालत नाही. तिच्या वयाच्या मानाने ती जास्तच उडाली, म्हणजे कुठेतरी उष्णतेत राहिली किंवा बूच सैल आहे. पातळी खांद्याच्या मध्यावर आली की धोका, त्याखाली गेली की ती बाटली शोभेसाठीच. टॉर्च धरलाच आहे तर रंगही बघून घ्या. गळ्यातून स्वच्छ तांबूस-गार्नेट उजेड आला तर जीव आहे. गढूळ, मातकट तपकिरी दिसली तर नको.

*बूच आणि टोपण.* टोपणावर बोट फिरवा. कडेला चिकट, वाळलेल्या पाकासारखा थर लागला तर वाइन पाझरली आहे. थोडा जुना, पूर्ण वाळलेला डाग आणि पातळी उत्तम, असं असेल तर मी बाटली लगेच बाद करत नाही, किंमत मात्र कमी करून मागते. बूच टोपणाला वर ढकलून फुगवटा आला असेल तर बाटलीला उष्णता लागली आहे. बूच आत खचलेलं असेल तर तेही वाईट. पोर्टच्या बाटलीचा गळा मधे किंचित फुगीर असतो, बूच तिथे पसरून घट्ट बसतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकतं, आणि उघडताना तुटतंही त्याच कारणाने.

*ओळख.* जुन्या बाटल्यांवर कागदी लेबल नसेल तर घाबरू नका. पुष्कळ बाटल्या बिनलेबलाच्याच तळघरात आडव्या ठेवल्या जात, किंवा नुसता पांढऱ्या रंगाचा छाप मारला जाई. अशा वेळी टोपणावर उठवलेलं नाव वाचा, आणि काचेतून टॉर्चने बुचावरचं नाव व साल दिसतं का ते बघा. अस्सल व्हिंटेज पोर्टच्या बुचावर ते छापलेलं असतं. पोर्तुगालमध्ये भरलेल्या बाटलीच्या गळ्यावर संस्थेची कागदी हमीपट्टी असते. पण १९७० च्या दशकापर्यंत बरीच पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जाई आणि तिथले व्यापारी ती बाटल्यांत भरत. त्यामुळे इंग्लंडात भरलेल्या १९६३ च्या बाटलीवर ही पट्टी नसणं स्वाभाविक आहे. अशा बाटलीवर व्यापाऱ्याचं नाव असेल तर ते चांगलंच, कारण लंडन-ब्रिस्टलचे जुने व्यापारी हे काम उत्तम करत.

ओलसर तळघरामुळे डागाळलेलं, उंदीर-वाळवीने कुरतडलेलं लेबल हा दोष मानू नका. मला तर ते आवडतं, कारण ओल म्हणजे गारवा, आणि गारव्यात बूच सुकत नाही. कोरं करकरीत लेबल आणि खांद्याच्या मध्यावर उतरलेली पातळी ही जोडी जास्त संशयास्पद.

पाचवी पायरी : ती आजवर कुठे होती?

एकाच पेटीतल्या दोन बाटल्या, एक १२-१३ अंशांच्या तळघरात आडवी पडलेली आणि दुसरी दिवाणखान्यातल्या शेगडीच्या वर उभी ठेवलेली, तीस वर्षांनी एकमेकींना ओळखणार नाहीत. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा : तुम्ही ही कधी आणि कुठून घेतली, कुठे ठेवली, आडवी होती की उभी, मूळ लाकडी पेटी आहे का? मूळ पेटीतून, एकाच मालकाकडून निघालेल्या बाटल्यांना मी थोडे जास्त पैसे आनंदाने देईन. ‘आजोबांच्या कपाटात होती’ या उत्तराला मात्र काही किंमत नाही. आजोबांचं प्रेम खरं, पण कपाट गरम होतं.

हाच न्याय गोव्यातल्या जुन्या घरांना. १९६१ पूर्वी पोर्तुगालहून आलेली एखादी खरी पोर्ट अशा घरात निघू शकते. किनाऱ्यावरच्या उन्हाळ्यांतून इतकी दशकं गेलेली ती बाटली कुटुंबाची आठवण म्हणून जपावी. पिण्यासाठी तिचे पैसे मोजू नयेत.

पोर्तोत फिरायला गेलात तर पर्यटकांच्या रस्त्यावरच्या दुकानांत, काचेमागे उन्हात उभ्या असलेल्या जुन्या बाटल्या दिसतील. त्यांच्याकडे बघू नका. पूल ओलांडून व्हिला नोव्हा द गाइयात घराण्यांच्या स्वतःच्या कोठारांत जा. तिथून निघालेल्या जुन्या बाटलीला लिलावापेक्षा जास्त पडतात, पण ती बाटली कधी हललेलीच नसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही कोठारांत जुनी व्हिंटेज पेल्यावर मिळते. एवढ्या पैशांची बाटली घेण्याआधी एक पेला पिऊन बघणं, यापेक्षा शहाणपणाचा खर्च नाही.

सहावी पायरी : जिभेला विचारा

ही पायरी बहुतेक मार्गदर्शकांत नसते, आणि ती सर्वांत मोलाची आहे. पहिल्या दहा वर्षांत व्हिंटेज पोर्ट काळीजांभळी, जांभूळ-करवंदांनी गच्च भरलेली, टॅनिनने जीभ आवळणारी असते. मग ती काही वर्षं मिटून जाते, चव धड उमगत नाही. वीस वर्षांनंतर हळूहळू खुलते. तीस ते पन्नासच्या दरम्यान चांगल्या सालची पोर्ट शिखरावर असते : रंग विटकरी-तांबूस, वासात सुके अंजीर, मनुका, संत्र्याची साल, चहाची पत्ती, थोडं जुनं चामडं, गोडी आता पुढे येत नाही, मागे थांबते. साठीनंतर फळ विरत जातं, नाजूक, हलकी, लांबवर रेंगाळणारी चव उरते.

तुम्हाला फळांचा जोर आवडत असेल तर १९६३ वर पैसे घालवू नका, २००३ घ्या आणि आनंदाने प्या. यात कमीपणा नाही. जुनी पोर्ट ही जास्त चांगली पोर्ट नसते, वेगळी पोर्ट असते. ज्याला मनुका आणि अक्रोडांची चव जास्त प्यारी, त्याने वीस वर्षांची टॉनी घ्यावी. ती निम्म्याहून कमी पैशांत मिळते, तिला साका नसतो, बूच तुटायची भीती नसते आणि उघडल्यावर तीन-चार आठवडे छान राहते. व्हिंटेजचं वेगळेपण बाटलीत, हवेपासून दूर मुरण्यात आहे. ते वेगळेपण तुम्हाला हवं असेल तरच जास्तीचे पैसे द्या.

सातवी पायरी : हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. बाजारभाव बघण्यासाठी वाइन-सर्चरसारख्या संकेतस्थळावर त्याच घराण्याच्या त्याच सालचे किमान चार-पाच भाव काढा. पण भाव एकाच जातीचे हवेत. ब्रिटनमध्ये काही भाव ‘इन बाँड’ असतात, म्हणजे उत्पादन शुल्क आणि २० टक्के व्हॅट त्यात धरलेला नसतो. लिलावात हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावगृहाचं प्रीमियम, म्हणजे त्यांचं कमिशन, लागतं, प्रीमियमवर व्हॅट, आणि वर पोहोचवण्याचा खर्च.

समजा ग्रॅहॅम १९७० च्या दोन बाटल्या समोर आहेत. आकडे उदाहरणादाखल घेऊ. पहिली जुन्या व्यापाऱ्याकडे, पातळी गळ्यात, तळघराचा इतिहास माहीत, सर्व करांसह १५० पौंड. दुसरी लिलावात, पातळी खांद्याच्या मध्यावर, टोपण चिकट, हातोडा ८५ पौंडांवर. दुसरी जवळजवळ निम्म्यात मिळाल्यासारखी वाटते. पण ८५ वर २५ टक्के प्रीमियम धरलं तर २१ पौंड २५ पेन्स, त्यावर व्हॅट ४ पौंड २५ पेन्स, घरपोच करायला १५ पौंड. एकूण साडेएकशे पंचवीस. वाचले फक्त साडेचोवीस पौंड, आणि त्यासाठी बाटली खराब निघण्याची मोठी शक्यता स्वीकारायची. शिवाय लिलावात परत करण्याची सोय बहुधा नसते. चांगला व्यापारी बुचाचा कुबट वास लागलेली बाटली बदलून देतो. इथे पहिलीच स्वस्त आहे.

पेल्यांचाही हिशेब करा. ७५० मिलिलिटरांतून साक्याची साधारण ५० मिलिलिटर वजा केली की ७० मिलिलिटरांचे दहा पेले होतात. म्हणजे पहिली बाटली पेल्याला १५ पौंड. दहा माणसांच्या जेवणाच्या शेवटी हा खर्च मला रास्त वाटतो. दोघांनीच बसून प्यायची असेल तर अर्धी बाटली मिळते का बघा. अर्धी बाटली लवकर मुरते, तेव्हा तिचं साल थोडं अलीकडचं घ्यावं.

शेवटचा प्रश्न स्वतःला असा विचारा : याच पैशांत दुसरं काय येईल? १५० पौंडांत कदाचित १९८० च्या स्मिथ वुडहाउसच्या दोन बाटल्या येतील, किंवा मालव्हेदोस २००१ च्या तीन. ग्रॅहॅम १९७० हवीच असेल, तिच्यासाठी निमित्त असेल, बाटली वरच्या सगळ्या कसोट्यांवर उतरली असेल, तर घ्या. एकाही ठिकाणी मन अडखळलं तर दुसरी बाटली येईल. लिलाव दर महिन्याला होतात.

घेतल्यानंतर

भारतात येताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे पूर्ण मापाच्या दोन बाटल्या. पण प्रवासात साका घुसळला जातो. आल्याआल्या उघडू नका, दोन-तीन आठवडे गार जागी आडवी राहू द्या. वाइनचा फ्रिज नसेल तर पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात ती ठेवण्याच्या भानगडीत पडू नका, थंडीतच आणा आणि थंडीतच प्या. बाटलीवर पांढऱ्या रंगाचा फटकारा असेल तर तो नेहमी वर ठेवा, म्हणजे साका पूर्वीच्याच बाजूला बसतो.

प्यायच्या आधी दोन दिवस उभी करा. उघडायला साधा स्क्रू नको. दोन पात्यांचं ओपनर हळूहळू डोलवत बुचाच्या कडेने उतरवा आणि फिरवत वर काढा. तरी बूच तुटलं तर गाळणीवर पातळ मलमल धरून ओता, चवीला काही होत नाही. गळ्यामागे मेणबत्ती किंवा टॉर्च ठेवून एका दमात, न थांबता काचेच्या सुरईत ओतायची. गळ्याशी काळी रेघ सरकताना दिसली की थांबायचं. तीस-चाळीस वर्षांच्या पोर्टला पिण्याआधी तीनेक तास द्या, साठीच्या पोर्टला अर्धा-पाऊण तास पुरे. स्टिल्टन चीज आणि अक्रोड हा इंग्रजी रिवाज आहे आणि तो योग्यच आहे; घरी मी सुके अंजीर आणि भाजलेले काजू ठेवते.

ओतल्याबरोबर आधी वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास आला आणि अर्ध्या तासाने तो वाढला, तर बुचाचा दोष आहे. तेव्हा वाइन पुन्हा बाटलीत भरा, बूच लावा, पावती शोधा आणि व्यापाऱ्याला दुसऱ्याच दिवशी कळवा. रिकाम्या बाटलीवर कोणी पैसे परत करत नाही.